किती खाल्लं आणि काय अडलं

१९६४ हे साल या पुस्तकाच्या विषयाला सुरुवात करायला फार सोयीचं आहे. त्या वर्षी मार्चअखेर के. संथानम यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सरकारी भ्रष्टाचारावरचा आपला अहवाल सादर केला. लालबहादूर शास्त्री गृहमंत्री असताना ही समिती नेमली गेली होती, आणि आजचा केंद्रीय दक्षता आयोग हे तिच्याच शिफारशीचं फळ. त्याच वर्षाच्या शेवटी नॅथॅनियल लेफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाचा एक लेख प्रसिद्ध झाला. जिथे सरकारच उद्योगाच्या वाटेत आडवं बसलेलं असतं, तिथे लाच ही वाट मोकळी करून घेण्याची किंमत असते; ती देऊन काम पुढे जात असेल तर देशाचं त्यात भलंच आहे, असा त्या लेखाचा सूर होता. संथानम समितीने सरकारी कचेऱ्यांचा जो अनुभव नोंदवला तो नेमका उलटा होता. काम लवकर व्हावं म्हणून पैसे मिळतात असं एकदा कळलं, की फाइल आधी मुद्दाम थांबवली जाते. चार वर्षांनी गुन्नार मिर्दाल यांनी ‘एशियन ड्रामा’ या आपल्या प्रचंड ग्रंथात याच समितीचा आधार घेऊन ‘लाच म्हणजे वंगण’ हा युक्तिवाद खोडून काढला.

खोडून काढला, पण संपला नाही. साठ वर्षं झाली तरी तो चालूच आहे, आणि आपल्याकडे तर चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत सगळीकडे चालतो. एक पक्ष म्हणतो, भ्रष्टाचार संपवा, बाकीचं आपोआप मार्गी लागेल. दुसरा म्हणतो, खातो तो खाऊ दे, पण कामं करतो ना! हे पुस्तक या दोघांशीही भांडणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. राष्ट्राच्या आर्थिक वाढीचा विचार करताना खाल्लेल्या पैशाची रक्कम ही सगळ्यात कमी महत्त्वाची बाब आहे. पाचशे रुपये एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले. गुन्हा झाला, अन्याय झाला, पण देशाचं एकूण उत्पन्न तेवढ्याने घटलं नाही. उत्पन्न घटतं ते दुसऱ्याच कारणाने. ते पाचशे मिळावेत म्हणून नियम तसा लिहिला जातो, फाइल अडवली जाते, नको तो माणूस खुर्चीवर बसतो, नको तिथे पूल उभा राहतो आणि हवा तिथे राहत नाही. वर्तमानपत्रांत घोटाळ्याच्या आकड्यापुढे शून्यं मोजली जातात. मला त्या शून्यांपेक्षा त्या प्रकरणात काय अडलं, काय मागे पडलं आणि कोणी धंदा करण्याचा नाद सोडला, हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

सिमेंटचं उदाहरण घेऊ. तरुण वाचकांना खरं वाटणार नाही, पण या देशात घर बांधायचं तर सिमेंट परमिटवर मिळे. भाव सरकारने बांधून दिलेला आणि माल अपुरा. सरकारी भाव आणि बाजारातला काळा भाव यांच्यातलं अंतर ज्याच्या सहीने पदरात पडे, त्या सहीला सोन्याचं मोल होतं. १९८१ साली महाराष्ट्रात हे प्रकरण पेटलं. मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांच्या पुढाकाराने निघालेल्या प्रतिष्ठानाला बिल्डरांनी दिलेल्या देणग्यांचा त्यांना मिळालेल्या सिमेंटच्या कोट्याशी संबंध आहे, असा निष्कर्ष मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये काढला आणि अंतुल्यांना पायउतार व्हावं लागलं. नंतरचा फौजदारी खटला वर्षानुवर्षं वरखाली फिरत राहिला. त्याचे निकाल आज कायद्याचे विद्यार्थी अभ्यासतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र पुढच्याच महिन्याकडे पाहावं. फेब्रुवारी १९८२ मध्ये केंद्र सरकारने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं, १९८९ मध्ये ते पुरतं गेलं. कारखाने वाढले, टंचाई ओसरली, आणि आज सिमेंटच्या गोणीसाठी कोणी मंत्रालयाची पायरी चढत नाही. हा भ्रष्टाचार कोणाच्या शिक्षेने संपला नाही. विकण्याजोगी सहीच उरली नाही, म्हणून तो संपला.

मुंबईच्या वेशीवरच्या जकात नाक्यांचंही तेच. मुलुंडला, दहिसरला ट्रकच्या रांगा लागत. नाक्यावर द्यावी लागणारी चिरीमिरी ट्रकमालक भाड्यात धरूनच चालत. त्यांना खरा भुर्दंड पडे तो गाडी उभी राहिल्याचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि नाके बंद झाले. जीएसटीबद्दल व्यापाऱ्यांच्या तक्रारी पुष्कळ आहेत, त्यातल्या बऱ्याच खऱ्याही आहेत, पण ती रांग परत यावी असं म्हणणारा ट्रकवाला मला भेटलेला नाही.

परमिटराजची खरी किंमत मोजण्याचा पहिला गंभीर प्रयत्न ॲन क्रूगर यांनी १९७४ मध्ये केला. आयात परवाने आणि तसल्याच नियंत्रणांतून निर्माण होणारा फुकटचा नफा १९६४ सालच्या भारतात राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के होता, असा त्यांचा अंदाज. पण आकड्यापेक्षा त्यामागची रीत पाहण्यासारखी आहे. कच्च्या मालाच्या आयातीचा परवाना कारखान्याच्या क्षमतेच्या प्रमाणात मिळत असेल, तर मालक काय करील? असलेली यंत्रं निम्मी रिकामी असतानाही नवी यंत्रं बसवील, कारण त्याला माल काढायचा नसून परवाना वाढवून घ्यायचा आहे. यात कोणी लाच घेतलीच पाहिजे असंही नाही. सगळे अधिकारी धुतल्या तांदळासारखे असते तरी देशाचं भांडवल असंच गंजलं असतं. भ्रष्टाचाराच्या चर्चेत ही गोष्ट हटकून निसटते.

आणि सिमेंट सुटलं तरी सही सगळीकडून सुटली नाही. ती सरकली. जमीन, एफएसआय (चटई क्षेत्र), एनए (बिगरशेती परवानगी), आरक्षण उठवणं, खाण, स्पेक्ट्रम, म्हणजे जे जे मुळात मर्यादित आहे आणि ज्याची वाटणी सरकारच्या हातात आहे, तिथे जाऊन बसली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचाराचे १२२ परवाने रद्द केले आणि २०१४ मध्ये २१४ कोळसा खाणपट्टे. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतरची वाढ आणि १९९१ नंतरचा भ्रष्टाचार ही जुळी भावंडं आहेत, असं मी एका प्रकरणात म्हटलं आहे; त्यावर वाद होईल आणि व्हावा.

या पुस्तकात सगळ्यात जास्त पानं मी पाटबंधाऱ्यांना दिली आहेत. महाराष्ट्रात या विषयावर बोलायचं आणि पाटबंधाऱ्यांना वळसा घालायचा, हे जमण्यासारखं नाही. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत एक ओळ होती: पिकाखालच्या एकूण क्षेत्रात ओलिताचं प्रमाण २०००-०१ मध्ये १७.८ टक्के होतं, ते २००९-१० मध्ये १७.९ टक्के झालं. मधल्या दशकात हजारो कोटी रुपये धरणांवर खर्च झालेले. मुख्य अभियंता विजय पांढरे यांच्या पत्रांनी गदारोळ माजला, उपमुख्यमंत्र्यांचा राजीनामा झाला, श्वेतपत्रिका निघाली, माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक बसलं. सरकारने श्वेतपत्रिकेत ओलिताचा हिशेब निराळ्या पद्धतीने मांडला, आणि आर्थिक पाहणीतला तो आकडा मोजण्याच्या रीतीबद्दल शंका घ्यायला जागा आहे हे मलाही मान्य आहे. तरी मूळ प्रश्न तसाच राहतो.

हा प्रश्न आतून कसा चालतो ते पाहा. धरणाचं मातीकाम, बांधकाम, दरवाजे ही मोठ्या रकमेची कामं आधी येतात. कालव्याच्या शेपटाकडच्या वितरिका आणि शेतचाऱ्या शेवटी येतात: लहान लहान कामं, प्रत्येकासाठी वेगळं भूसंपादन, दहा शेतकऱ्यांशी हुज्जत, आणि बिल किरकोळ. ज्याचा हिस्सा टक्केवारीत आहे, तो हातातलं धरण शेवटच्या शेतापर्यंत नेण्यापेक्षा पुढच्या तालुक्यात तीन नवी धरणं सुरू करील. मग प्रत्येक कामाला थोडे थोडे पैसे, प्रत्येक काम रखडलेलं, रखडलं की भाव वाढलेले, भाव वाढले की ‘सुप्रमा’, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाला १९८३ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा खर्च ३७२ कोटी धरला होता. पुढे तो १८ हजार कोटींच्या पलीकडे गेला. यातला मोठा भाग पुनर्वसन, जमिनीच्या किमती, महागाई यांचा आहे. पण वर्षं वाढली म्हणूनच तर तेही वाढलं. धरणात साठलेलं आणि शेतात न पोचलेलं पाणी हे या राज्याचं सगळ्यात महागडं भांडवल आहे.

इथे न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. कृष्णा खोऱ्यात एकाच वेळी इतकी धरणं हाती घेण्यामागे, कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाची मुदत होती. मे २००० पर्यंत वाट्याचं पाणी अडवलं नाही तर ते हातचं जाईल, ही भीती सगळ्या पक्षांना होती. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं, रोखे काढून लोकांकडून पैसा उभारला गेला. शिवाय प्रत्येक आमदाराला आपल्या तालुक्यात नारळ फोडायचा होता. घाई, प्रादेशिक चढाओढ आणि टक्केवारी ही तीन सुतं एकमेकांत इतकी गुंतली, की यातला भ्रष्टाचार किती आणि लोकशाहीतली नेहमीची ओढाताण किती, हे तराजूत तोलून सांगता येत नाही. जो सांगतो त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

रॉबर्ट वेड या अभ्यासकाने दक्षिण भारतातल्या एका राज्यात कालव्यांच्या कारभारावर १९८२ मध्ये जो निबंध लिहिला, तो मराठीत आणण्याजोगा आहे. लाचेचं मूळ त्याला सापडलं ते बदल्यांमध्ये. अभियंता चांगल्या जागेसाठी वर पैसे मोजतो. मोजलेले पैसे ठरावीक मुदतीत ठेकेदाराकडून आणि शेतकऱ्यांकडून वसूल करतो. शेतकऱ्याकडून वसुली व्हायची तर पाण्याबद्दल धास्ती हवी. पाणी वेळेवर आणि बिनबोभाट येऊ लागलं तर त्यासाठी पैसे कोण देणार? म्हणजे कालवा चांगला चालवणं हेच त्या जागेच्या हिशेबात तोट्याचं. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्राने २००५ मध्ये बदल्यांचं नियमन करणारा कायदा केला, तो या दुखण्यावरचाच उपाय. त्याच कायद्यात दप्तरदिरंगाईलाही प्रतिबंध आहे. कायदा चांगला आहे. त्यातल्या ‘अपवादात्मक परिस्थिती’च्या दाराने वर्षाला किती जण आतबाहेर करतात, हे सरकारी नोकरीतल्या कोणालाही विचारा.

आता या विषयातलं खरं कोडं. भ्रष्टाचाराने वाढ खुंटत असेल, तर दक्षिण कोरिया वाढला कसा? चीन? पार्क चुंग-ही यांच्या कारकिर्दीत उद्योगसमूह आणि राज्यकर्ते यांच्यातली देवघेव उघड गुपित होती. त्यांच्यानंतरचे दोन लष्करी राष्ट्राध्यक्ष, चुन दू-ह्वान आणि रोह ते-वू, १९९६ मध्ये लाचखोरीसह गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरले. त्याच काळात मार्कोस यांच्या फिलिपिन्समध्येही देवघेव होती. पण १९८४ आणि १९८५ या दोन्ही वर्षी फिलिपिन्सची अर्थव्यवस्था सुमारे सात-सात टक्क्यांनी आकसली, आणि कोरिया तोवर जहाजं आणि मोटारी विकू लागला होता.

फरक कशात होता? कोरियात स्वस्त कर्ज मिळे ते निर्यात करून दाखवणाऱ्याला. निर्यातीचा आढावा खुद्द पार्क दरमहा बैठक घेऊन करीत. पैसा चारून तुम्ही दारात शिरू शकत होता, पण आत गेल्यावर माल परदेशी गिऱ्हाइकाच्या पसंतीला उतरवावाच लागे, आणि ते गिऱ्हाईक लाच खात नव्हतं. त्याआधी १९५० च्या सुमारास तिथे जमिनीचं फेरवाटप झालं होतं, त्यामुळे सगळी पत जमीनदारांच्या मुठीत नव्हती. प्राथमिक शाळा सर्वदूर पोचल्या होत्या. फिलिपिन्समध्ये शाळा सोडल्या तर यातलं फारसं काही नव्हतं. चीनबद्दल युएन युएन आंग यांनी केलेली विभागणी मला उपयोगी वाटते: चोरी वेगळी, फाइल हलवण्याची चिरीमिरी वेगळी, आणि मोठी कंत्राटं मिळवण्यासाठी वरच्यांना दिलेला मलिदा वेगळा. पहिल्या दोन प्रकारांना चीनने बराच आळा घातला, शेवटचा फोफावला. त्यातून इमारती आणि रस्ते भराभर उभे राहिले, आणि त्याबरोबर कर्जांचे डोंगर आणि रिकामी घरंही. सुहार्तो यांच्या इंडोनेशियाची तीस वर्षांची घोडदौडही अशीच होती. १९९८ च्या एका वर्षात तिथली अर्थव्यवस्था सुमारे तेरा टक्क्यांनी कोसळली. तेव्हा ‘खातो पण कामं करतो’ म्हणणाऱ्यांनी हिशेब कोणत्या वर्षी थांबवायचा तेही सांगावं.

ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या निर्देशांकाचा मी या पुस्तकात जपून वापर केला आहे. तो भ्रष्टाचार मोजत नाही. जाणकारांना आणि उद्योजकांना काय वाटतं ते मोजतो. २०२३ मध्ये भारताला शंभरपैकी ३९ गुण होते, पुढच्या वर्षी ३८. डेन्मार्क नव्वदच्या आसपास असतो. वाढीचा वेग मात्र आपला कितीतरी जास्त. यावरून भ्रष्टाचार वाढीला पोषक आहे असं म्हणणं हास्यास्पद आहे: डेन्मार्क श्रीमंत झालेला आहे, आपल्याला अजून व्हायचं आहे. देशादेशांची तुलना करून पाओलो मॉरो यांनी १९९५ मध्ये दाखवलं, की भ्रष्टाचार जास्त तिथे गुंतवणूक कमी असते. ते ढोबळमानाने खरं आहे. पण गरिबीमुळे भ्रष्टाचार की भ्रष्टाचारामुळे गरिबी, हा गुंता कुठल्याच आकडेमोडीने पुरता सुटलेला नाही. शाळेची गुणवत्ता, बायकांना घराबाहेर काम मिळणं, वीज, बंदरं, बचतीचा दर, पाऊस, शेजारचा देश, हे सगळं त्याच गुंत्यात असतं. आणि न्यायालयं. देशात पाच कोटींहून जास्त खटले पडून आहेत. करार मोडणाऱ्याला वीस वर्षं काहीच होणार नसेल, तर माणूस कराराऐवजी ओळखीवर भिस्त ठेवतो, आणि ओळखीचा भाव वाढतो. याला भ्रष्टाचार म्हणायचं की दिरंगाई?

उलट टोकाचीही गोष्ट आहे. २०१० नंतर घोटाळ्यांची रांग लागली, तेव्हा दिल्लीतल्या अधिकाऱ्यांनी सह्या करणंच थांबवलं. सीबीआय, दक्षता आयोग आणि कॅग यांच्या धाकाने फाइल न हलवणं हाच शहाणपणा ठरला, कारण न घेतलेल्या निर्णयाबद्दल कोणाची चौकशी होत नाही. २०१७ मध्ये त्या दूरसंचार परवान्यांच्या टू-जी खटल्यातले सगळे आरोपी विशेष न्यायालयात निर्दोष सुटले, तोवर कित्येक प्रकल्प आणि त्यांना कर्ज देणाऱ्या बँका खड्ड्यात गेल्या होत्या. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली, तिच्यामागे प्रामाणिक चुकीला गुन्हा ठरवू नये हाही विचार होता. भ्रष्टाचाराच्या आरोपाची भीतीही वाढीला मारक ठरू शकते, हे म्हटलं की लोकांना राग येतो. तरी म्हणायला हवं. नोटबंदीबद्दल मी फार लिहिलेलं नाही. काळा पैसा नोटांच्या थप्प्यांत असतो या समजुतीवर ती उभी होती, आणि रिझर्व्ह बँकेच्याच अहवालाप्रमाणे ९९.३ टक्के नोटा परत आल्या. एवढं पुरे.

काय केल्याने फरक पडतो, याचे पुरावे विखुरलेले आणि लहान आहेत, पण आहेत. युगांडात १९९१ ते १९९५ या काळात शाळांसाठी दरडोई दिलेल्या अनुदानापैकी सरासरी तेराच टक्के शाळांपर्यंत पोचत होतं. कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम पाठवली हे वर्तमानपत्रांत छापायला लागल्यावर ते प्रमाण ऐंशी टक्क्यांवर गेलं, आणि त्या सुधारणेत छापील आकड्यांचा वाटा मोठा होता. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ पासून जनसुनावण्या घेऊन हजेरीपटांचं जाहीर वाचन केलं, आणि ज्यांनी ते काम कधी केलंच नाही त्यांची नावं लोकांनी जागच्या जागी ओळखली. त्या मागणीतूनच माहितीच्या अधिकाराची चळवळ उभी राहिली. महाराष्ट्राचा कायदा २००२ चा, केंद्राचा २००५ चा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदत घातली. दिल्लीतला वाहन परवान्यांचा २००७ चा अभ्यास मात्र आपल्या आशावादाला वेसण घालतो: एजंटला दिलेले पैसे वेळ वाचवण्यापेक्षा चाचणीच टाळण्यासाठी जात होते, आणि गाडी न येणारे परवाना खिशात घालून रस्त्यावर उतरत होते. लेफ यांच्या वंगणाला याहून चोख उत्तर मला माहीत नाही.

अर्थशास्त्राची सवय नसलेल्यांनी पाटबंधाऱ्यांचं प्रकरण आधी वाचावं, कोरियाचं त्यानंतर. सैद्धांतिक भाग शेवटी वाचला तरी बिघडत नाही.

एक विनंती करून थांबतो. मराठीत सनदी अधिकाऱ्यांच्या आठवणी पुष्कळ आहेत, राजकारण्यांची आत्मचरित्रंही आहेत. पण शाखा अभियंता, लेखा शाखेतला कारकून, ठेकेदाराचा मुनीम, दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर दस्त लिहिणारा, यांनी लिहिलेलं जवळपास काहीच नाही. कोणत्या टक्क्यासाठी कोणतं काम मागे पडलं, कोणती चारी कागदावरच वाहिली, हे फक्त त्यांना माहीत आहे. आता निवृत्त झालेल्यांनी, नावं गाळून का होईना, ते लिहून काढावं.